गट नंबर दोनशे चौदा

नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवलेत.
काटवानचा वारा, पवनचक्क्या फिरवून उरलेला,
कागदालाही सोडत नाही.
मी भूकरमापक.
माझ्याकडे सरकारी यंत्र आहे,
आणि रंगीत पेन्सिलींचा डबा,
मुलीच्या दप्तरातून उसना आणलेला.

गायरान. एकशे बारा हेक्टर, सत्तावीस आर.
सातबाऱ्यावर धनी सरकार.
प्रत्यक्षात
हिलाल ठेलारीची दोनशे मेंढरं,
मोळीला जाणाऱ्या बाया,
एक म्हसोबा, ज्याचा शेंदूर कधी वाळलेला पाहिला नाही,
आणि गेल्या तीन हिवाळ्यांपासून
दर रविवारी
धुळ्याहून, नाशिकहून, एकदा तर सुरतहून आलेली
जाड टायरांची पोरं.

ग्रामसभेत सगळे एकदम बोलले.
हिलाल शेवटी बोलला, काठीवर हनुवटी टेकून :
‘मेंढी बुजनी का गाभडस, साहेब.
तुम्हना कागदवर तिना रंग कोनता शे?’
मी डबा उघडला. बंद केला.

पंक्चरवाला तुषार म्हणाला,
एका रविवारी माझा आठवडा निघतो.
दोन पोरं कामाला ठेवलीत, विचारा त्यांना
सुरतेची गाडी का नाही पकडली.
कुणी विचारलं नाही. पोरं दारातच उभी होती,
हाताला ग्रीस.

वनरक्षक मालचेताईंनी नुसती मूठ उघडली.
तळव्यावर चार खडे.
‘यातलं अंडं ओळखा.’
एकही नव्हतं. पण सभा वाकून बघत राहिली,
आणि त्या म्हणाल्या, चैत्रात माळावर असंच असतं,
टिटवी घरटं बांधत नाही,
जमिनीवर विश्वास ठेवते.

मग मी चाकांच्या खुणा मोजल्या.
पहिल्या वर्षीची बोटभर,
दुसऱ्या वर्षीची वीतभर,
जुनी आता गुडघाभर.
पाणी तिलाच ओहोळ समजून उतरतं
आणि जाताना माती घेऊन जातं.
चाकोरीबाहेर जायचं म्हणून येतात बिचारे,
चाकोरी पाडून जातात.

हे मी अहवालात लिहिलं.
एक गोष्ट नाही लिहिली.

पौषात त्यांच्यातला एक, यतिन नावाचा,
म्हणाला, काका, बसा की मागे.
एकोणपन्नासाव्या वर्षी
मी त्या मुरमाच्या चढावरून वर गेलो,
टोपी उडाली, डोळ्यांत पाणी,
वर पोचल्यावर खाली सगळा काटवान,
पांझरेची चांदीची कड,
आणि मी ओरडलो.
काहीच नाही, नुसता ओरडलो.
पलीकडच्या उतारावर मेंढरं पांगली असतील का,
ते तेव्हा बघितलं नाही.

शेवटी असं ठरलं :
गाड्यांना सोडलेली मुरमाची खाण
आणि पवनचक्कीचा जुना रस्ता. बस, तेवढंच.
दिवाळीनंतर सुरू, होळीआधी बंद.
मोळीची वाट मोळीची.
म्हसोबाला कुणी काही विचारलं नाही.
मेंढरांच्या पाणवठ्याची वाट मी काढली
हिरवी, बारीक, पट्टी लावून.
हिलाल बघत राहिला.
‘इतली बारीक? मेंढ्या काय मुंग्या शेत?’
मग मी पेन्सिल आडवी धरली
आणि घासत गेलो, घासत गेलो,
हिरवा रंग खाणीच्या तांबड्यात थोडा शिरला.
तुषार म्हणाला, इथं काय?
मी म्हणालो, इथं दोघांनी बघून चालायचं.
कुणालाच फार पटलं नाही.
सह्या मात्र झाल्या. तीन अंगठे.

आज चैत्र. खुणेचे दगड रोवतोय.
सातव्या दगडाची जागा यंत्राने दाखवली,
अगदी इंचात,
आणि डोक्यावर टिटवी ओरडायला लागली.
पाऊल उचललेलं होतं, ते तसंच ठेवलं हवेत.
खड्यांत चार खडे.
या वेळी ओळखता आले.

नोंदवहीत लिहिलं :
‘दगड क्र. ७, मूळ जागेपासून तीन मीटर पश्चिमेला.’
पुढचा रकाना कारणाचा.
तो कोरा ठेवलाय.