ऊपिरी

पंचवीस विड्यांचा एक कट्टा.
चाळीस कट्टे झाले की हजार.
मोजायला मला कुणी शिकवलं नाही,
बोटांनाच येतं ते.
म्हणून त्या रात्री मोजलं.

एप्रिल. वीज गेलेली.
विडी घरकुलाचे पत्रे रात्री एकलासुद्धा तापलेले,
आणि तुम्ही असे गाढ
की कपाळावरच्या घामाला जाग होती, तुम्हाला नव्हती.
कारखान्यात बीम कमरेवर घसरला त्या पाळीपासून,
अकरा वर्षं,
तुम्ही एका कुशीचं भाडं भरून दुसरी कुशी मागत झोपता.
मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग, पंखा बंद होता म्हणूनच, ऐकू आलं:
एक श्वास.
गल्लीतलं कुत्रं भुंकून गप्प झालं.
मी मनात पान कापलं, जर्दा भरला, वळलं,
तोंड मुडपलं, दोरा गुंडाळला.
एक विडी पुरी झाली,
मग दुसरा.

मोबाईलच्या उजेडात मिनिटाला सात.

माझी आई श्वासाला ऊपिरी म्हणायची. घरची तेलुगू.
मराठी शाळेत 'उपरी' हा शब्द भेटला
तेव्हा वाटलं, ही तीच:
कुणाची कुणी नसलेली बाई,
ओट्यावर टेकते, पाणी पिते, उठून जाते.
त्या रात्री ती चप्पल शोधत होती.

गालावर मारत, नाव घेत
(लग्नानंतर पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं, तेही ओरडून)
गड्डमांच्या रिक्षातून सिव्हिल.
तिथली डॉक्टर पोर, डोळ्यांखाली रात्रपाळी,
ऑक्सिजन लावून म्हणाली, गोळ्या दाखवा सगळ्या.
मी पिशवी उलटी केली.
"ही कमरेची. कडक आहे.
आणि ही झोपेची कुणी दिली?"
गल्लीतल्या डॉक्टरांनी. रडत होते हे, झोप नाही म्हणून.
"कमरेची चालू आहे ते सांगितलं नव्हतं?"
विचारलं नाही ओ कुणी.
त्या दोन डॉक्टरांची कधी गाठ पडली नव्हती,
गोळ्यांची मात्र पडली, तुमच्या पोटात.
एकीनं दुखणं निजवलं, दुसरीनं तुम्हाला,
आणि दोघी मिळून ऊपिरीला थोपटत बसल्या.

आता विडीच्या हिशोबाच्या वहीत मागून पानं तुमची.
झोपेची एकदम तोडायची नाही, डॉक्टर म्हणतील तशी
अर्धी, मग पाव;
पान कापायच्या कात्रीनंच कापते, स्वच्छ पुसून.
कमरेचीही कमी केली त्यांनी.
साधं खोकल्याचं औषध घ्यायचं तरी
येमूलांच्या मेडिकलात आधी वही पुढे करते,
मागची गिऱ्हाइकं चुकचुकतात.
शनिवारची शिंदी बंद म्हटल्यावर
तुम्ही दोन दिवस भिंतीशी बोललात.

आणि दुखणं आलंच परत,
पत्ता न विचारता, आपल्या पायांनी.
तव्यावर मीठ तापवते, पुरचुंडी बांधते.
पहाटे तुम्हाला तळ्यापर्यंत चालवत नेते, परत येताना तुम्ही मला शिव्या देता.
"चार रात्रींची झोप मिळाली होती. तीही चोरलीस."
यावर माझ्याकडे उत्तर नाही.
त्या चार रात्री तुमचा चेहरा
लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसायचा,
हे मी डॉक्टरणीला सांगितलं नाही.

रात्री दोनला विचारता, किती?
चौदा.
"जागा माणूस मोजतात का कधी?"
असं म्हणून कमरेमागे उशी खोचता,
माझं सूप स्वतःकडे ओढता,
आणि वळलेल्या विड्यांची तोंडं मुडपायला घेता,
जाड बोटांनी, वाकडी.
उद्या कारखान्यात यातल्या निम्म्या छाटात जातील.
जाऊ देत.