एक टोला कमी

बाइंझू येतो तेव्हा आधी त्याचा कुत्रा येतो,
मग मेंढ्यांचा वास, मग तो.
चाकू काउंटरवर ठेवतो. मिटलेला, मूठ माझ्याकडे.
"सैल कर, बोनारिया."
खाली बसत नाही. हवापाण्याचं बोलत नाही.

घडीचा चाकू. एडक्याच्या शिंगाची मूठ,
मिर्तोच्या पानासारखं निमुळतं पातं.
आमच्या या डोंगरात असेच घडवतात:
आत स्प्रिंग नाही, खटका नाही.
उघडं राहायचं की मिटायचं
हे ठरवते एक पितळी खीळ
आणि ती किती ठोकली आहे ते.

ही माझ्या बापाने ठोकली,
बर्फाने रस्ता अडलेल्या एका हिवाळ्यात.
मूठ दिव्यापाशी तिरकी धरली
की हातोडीच्या खुणा अजून दिसतात, मसुराएवढ्या.
तो मोठ्याने मोजायचा. सात.
सातव्याला हात आखडायचा,
झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण ओढावं तसा.

घट्ट झाला तर अंगठ्याचं नख घेईल, तो म्हणायचा,
सैल झाला तर मांडीचं मांस.
मधली जागा केसाएवढी,
ती डोळ्याला विचारू नकोस, बोटाला विचार.
आणि थंडीत बोटही खोटं बोलतं,
आधी हात काखेत धर.

तिसरं वर्ष आहे हे बाइंझूचं.
पहिल्या वर्षी पातं जरा डावं-उजवं हलवलं,
तेलाचा थेंब सोडला, भागलं.
दुसऱ्या वर्षी खिळीच्या डोक्यावर कानस फिरवली,
फिरवताना बापाच्या फोटोकडे पाठ केली.
आता चाकू उलटा धरला
तर पातं आपणहून खाली पडतं,
कडी नसलेल्या दारासारखं.

"याहून सैल म्हणजे खिशात नुसतं लोखंड," मी म्हणते.
तो उजवा अंगठा पुढे करतो.
वाकत नाही.
"जानेवारीपासून रजेवर आहे," म्हणतो,
आणि हसतो, अर्ध्याच तोंडाने,
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडतो.

"नातीला सांगावं उघडून द्यायला."
तो माझ्याकडे असा बघतो
जसं मी म्हटलं,
भाकरी तिला चावून द्यायला सांग.

बरं.
मी हात काखेत धरते.
खीळ ऐरणीवर, कान खिळीशी.
एक. दोन. पातं डुगडुगायचं थांबतं.
चार. पाच.
सहाव्याला मी थांबते.
सातवा माझ्या बापाचा होता,
आणि दोन धड अंगठ्यांच्या माणसासाठी होता.

मग जे कधी केलं नव्हतं ते करते:
पात्याच्या पाठीवर, टोकापासून तीन बोटं मागे,
हिऱ्याच्या कानशीने एक खाच पाडते.
पोलाद किंचाळतं. कुत्रा बाहेर जातो.
दुसऱ्याच्या पात्यावर आपली खूण करू नये,
हेही बापच सांगायचा.
सांगू दे.

"काउंटरच्या कडेला अडकव," मी म्हणते, "आणि मूठ ओढ."
पहिल्यांदा निसटतं. लाकडाला ओरखडा.
दुसऱ्यांदा खाच कडेला धरते,
पातं निघतं, अर्ध्यावर येतं,
आणि तो हात थांबवतो तिथे थांबतं.
पुढे पडत नाही, मागे मिटत नाही.
आम्ही दोघं त्या अर्ध्या चाकूकडे बघत राहतो
जरा जास्तच वेळ.

पैशाचं तो विचारत नाही, मी काढत नाही.
झोळीतून पेकोरिनोचा गोळा काढतो,
खाच आता कॉर्डरॉयच्या खिशाच्या शिवणीत अडकवून बघतो,
जमतं,
आणि एक फोड कापून माझ्यापुढे धरतो, पात्याच्या टोकावर.
साल जाड निघाली आहे, वाकडी.
मी सालीसकट खाते.

काउंटरवर तो ओरखडा आहे.
रंधा हाताशीच आहे. मारीन कधीतरी.