हललेला माणूस

सावद्याच्या मालधक्क्यावर, सकाळी सव्वासहाला,
केळीची वाघीण भरताना काढलेला हा फोटो.
सगळं आलंय त्यात:
रुळांमधली खडी, घडांवर पांघरलेली वाळकी पानं,
टाकीवरचा कावळासुद्धा.
फक्त सुपडू हलला.
त्याच्या जागी एक धुरकट पट्टा,
ओल्या बोटानं पाटी पुसावी तसा.

मी फोटो फिक्का छापून घेते, खरबरीत कागदावर.
चकचकीत कागद शिसं धरत नाही,
पेन्सिल नुसती घसरते.
खडीला मी हात लावत नाही, कावळ्यालाही नाही.
थांबलं ते कॅमेऱ्याचं.
थांबलं नाही ते माझं.

एप्रिल. पंखा बंद.
तळहाताखाली कोरा कागद,
घामानं रेष फिसकटू नये म्हणून.
आधी एचबीनं खांदा,
मग सहा-बीनं खांद्यावरचं ओझं.
पण ओझं काढता येत नाही,
मान किती वाकली तेवढीच काढता येते.
तीन दिवस मान.
हात शेवटी: पाच बोटं, पेर न् पेर मोजून,
घडाच्या दांड्याभोवती.

रविवारी सुपडू तायडे बागेतून थेट आला, लेकीला घेऊन.
कागद खिडकीशी नेऊन तिरका धरला.
तिरकं धरलं की शिसं चमकतं,
फोटोतलं काळं चमकत नाही.
"मी तं चमकून राह्यलो!"
मग बोटावर बोट ठेवून मोजायला लागला.
थांबला.
"हे माह्यं नही, ताई.
हे वाघिणीनं खाल्लं, दार सरकवतानी.
बारा वर्सं झाले."

लेकीनं डोळे मोठे केले.
तिची वाघीण अजून पट्ट्यांची होती.

मी खोडरबर घेतलं.
करंगळीशेजारचं बोट, दुसऱ्या पेरापासून पुढं.
शिसं निघालं.
दाबून ओढलेल्या रेषेची चर राहिली कागदात,
आणि तिच्याखालून
फोटोतला तो धूर पुन्हा वर आला.
"आता बरोबर," सुपडू म्हणाला.

ते गेल्यावर दिसलं,
कागदाच्या कडेला त्याचा अंगठा उमटलाय,
केळीच्या चिकाचा, पाण्यासारखा, जेमतेम.
दुपारी तांबूस झाला.
दिवेलागणीला काळा.

कॅमेरा कपाटात होता तेव्हा,
पेन्सिल डब्यात.
तो मी काढलेला नाही.
काढणारही नाही.