आधी कंदील

दुपारी तीनला मी एकच चूक केली:
जुनं दिसलं म्हणून नवं केलं.

शिरगुप्प्यांच्या अडतीवरचं ते मशीन
नऊ वर्षं न कुरकुरता पावत्या छापत होतं.
कीबोर्डच्या फटींत हळद, पंख्याच्या पात्यांवर हळद,
आणि आत मेहजबीन मुल्लानं लिहिलेला प्रोग्रॅम.
ती आता रॉटरडॅमला असते.
तिला फोन करायची मला लाज वाटते.

संध्याकाळपासून प्रिंटर गप्प.
सकाळी सौदा. राजापुरीच्या गाड्या
आत्ताच यार्डाच्या गेटबाहेर लागल्यात.

प्रिंटर म्हणतो, मला अमुक लायब्ररी हवी, जुनीच.
लायब्ररी म्हणते, येते, पण ही सोबत आली तर.
हिला पाट मांडावा
तर तिकडून तिसरी ताटावरून उठते.
लग्नघरात मावळणी रुसाव्यात तसं चाललंय,
आणि मी एकटाच वाढपी.

शेवटी मशीननं नम्रपणे यादी दिली:
एवढं एक हवं असेल, तर पुढची तीनशे बारा पॅकेजेस काढावी लागतील.
यादीत प्रिंटर होता.
यादीत पडदा होता.
यादी दाखवणारं जे होतं, तेही यादीत होतं.
खाली प्रश्न: पुढे जाऊ?
माझं बोट 'हो'वर होतं, खरं सांगतो.
रात्रीचा दीड वाजला की माणूस कशालाही हो म्हणतो.

पायगोंडा अण्णा राखणीला असतात, चहा घेऊन आले.
"काय अडलंय?"
म्हटलं, एक दुसऱ्यावर अवलंबून, दुसरं तिसऱ्यावर,
तळच लागत नाही.
तळ म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

"आमची हरिपुरात पेवं हुती.
वर तोंड एवढंसं, आत पोट हत्तीएवढं.
हळद वर्सं-वर्सं ऱ्हायची, किडा न्हाई का मुंगी न्हाई.
पण तोंड उघडलं म्हणून लगी उतरायचं न्हाई.
आत वारं कोंडलेलं असतंय, दिसत न्हाई.
आधी कंदील सोडायचा, दोरीनं.
खालपतोर जळत ऱ्हायला, तर मग माणूस."
मग बशीत बघत:
"कल्लाप्पा थांबला न्हाई."

मी 'नाही' दाबलं.

आज्ञेमागे एक बारकं अक्षर जोडलं
तर मशीन काहीच करत नाही,
केलं असतं तर काय झालं असतं, एवढं सांगतं.
ते अक्षर मला अठरा वर्षं माहीत आहे.

पहिला कंदील तोंडाशीच विझला.
दुसरा जरा खाली.
पाचवा की सहावा जळत जळत तळाला टेकला,
आणि तिथं ती दिसली: साठ ओळींची लायब्ररी,
रकमेत स्वल्पविराम कुठं द्यायचा, एवढंच जाणणारी.
कुठल्याशा थंड गावातल्या कुणी लिहिलेली,
अकरा वर्षांत हात न लागलेली.
माथ्यावर त्यानं लिहून ठेवलंय:
वेळ मिळाला की नीट करीन.
सगळा डोलारा तिच्या डोक्यावर.

तिची जुनी आवृत्ती आणली, बसवली, बांधून टाकली,
पुन्हा माझ्यासारखा कुणी आला तरी हलू नये म्हणून.
मेहजबीननंही बांधली होती. तिची ओळ सापडली:
'हिला हलवू नका, मागे प्रिंटर आहे.'
दुपारी ती ओळ मी वाचली नव्हती.
खोटं. वाचली होती.

पावणेपाचला प्रिंटर खोकला.
वजन बरोबर. हमाली, तोलाई, अडत बरोबर.
स्वल्पविराम लाखाच्या जागी.
मालाच्या रकान्यात
ह, मग एक रिकामा चौकोन, मग द.

अण्णांनी पावती दिव्याखाली धरली, लांब, मग जवळ.
"चालतंय की. वासावरनं कळतंय."

बाहेर पहिल्या गाडीचं फाळकं पडलं.
मी परत बसलो.
ळ कुणावर अवलंबून आहे
ते बघायला दोरी सोडली.