सहावा मजला, तिसरी खिडकी

कार्डावर वायरमन छापलंय माझ्या,
बाईमाणूस असले तरी.
असो.

आठ मजले, ओळीत बारा खिडक्या,
शहाण्णव बल्ब, शहाण्णव होल्डर,
इतवारीतून उधारीवर उचललेली वायरची भेंडोळी,
आणि मे महिना.
नागपुरात मे महिना म्हणजे
रात्री दहाला भिंतीला हात लावून बघा,
भिंत तापात बरळत असते.

सदरमधली ही सरकारी इमारत.
संध्याकाळी सहानंतर आत उरतात
फायली, पाली आणि भोयरबाबू.
तेजू खोब्रागडेनं लॅपटॉपवर
तिचा गणिताच्या वहीसारखा चौकटीचा कागद केला.
खिडकी म्हणजे एक घर.
घराघरातून सरकणारा साप.
दाणा खाल्ला की एका खिडकीनं लांब.

पंचाण्णव खिडक्या शहाण्यासारख्या वागल्या.
सहाव्या मजल्यावरची तिसरी
कूलरनं अडवलेली.
"तो नाही निघत," भोयरबाबू म्हणाले,
"साहेब सात बदलले, कूलर थोच हाय."
मग मी बल्ब दुधाच्या पिशवीत गुंडाळला,
कूलरच्याच पोटात टांगला,
नळीपासून वीतभर लांब,
वाळ्याच्या ताटीमागे.
तेजू म्हणाली, हे एक घर बाद धर.

समोरच्या मैदानात तर्री-पोह्याची गाडी,
गाडीच्या फळीवर आमचं खोकं:
दारावरच्या बेलची चार बटणं,
वर, खाली, डावं, उजवं.
दाबलं की बेल वाजेल असं वाटून
पहिला पोरगा दचकून मागे सरला.
वाजलं काहीच नाही.
रस्त्यापलीकडे
आठ मजल्यांचं तोंड उजळलं.

मग काय, रांग.
व्यायामशाळेतली पोरं, ड्युटी संपलेली नर्स,
ताट्या विकणारा आणि त्याची सायकल.
झोया, वय वर्षं नऊ,
भाजीच्या क्रेटवर उभी राहून खेळत होती.
तिचा साप सहाव्या मजल्यावर वळला.
पांढरं, पांढरं,
आणि तिथे
मध.
ओला, वाळ्यातून झिरपणारा,
पाणी ओघळेल तसा आतल्या आत हलणारा.

गाडीवरचा झारा थांबला.
"अबे देख," मागून कुणीतरी बोललं,
"साप ने पानी पिया."

त्यानंतर दाण्याकडे कोण बघतंय!
जो तो खोक्याला भिडला की
साप थेट सहाव्यावर.
शेपटी तोंडात आली तरी बेहत्तर,
हरू, पण पाणी पाजून हरू.
तेजू थोडा वेळ गुण मोजत होती.
मग तिनं लॅपटॉप अर्धा मिटला
आणि स्वतः रांगेत जाऊन उभी राहिली.
नर्सच्या मागे.

रात्री दीडला मी वायरी सोडवत वर गेले.
पहिला, दुसरा, तिसरा मजला,
गरम बल्ब ओढणीत, एकेक.
सहाव्यावर भोयरबाबू जागेच.
टेबलावर डबा, डब्यात अर्धी भाकर.

"मी काय होतो व पोरी, त्या चित्रात?
मले तं इथून बल्बच दिसे.
लागे. विझे. लागे.
खालून लोकं ओरडे, मले वाटे
आपलंच काही चुकलं."

काय सांगणार?
कधी मान होता, बाबूजी,
कधी पोट,
एकदा नुसतीच शेपटी.
हे काही तोंडानं सांगायचं नसतं.
मी मोबाइल काढला.
झोयाच्या भावानं काढलेला व्हिडिओ,
हललेला, अर्ध्यात कुणाचं तरी डोकं,
खिडक्या तांदळाएवढ्या.

त्यांनी चष्मा पुसला. सदऱ्याला. परत पुसला.
"कोणती माही?"
मी बोट पुढे केलं, तर
त्यांनी माझा हात बाजूला सारला.
"थांब नं. मले शोधू दे."

बल्ब काढायचा राहिला होता एकच.
पंप गुरगुरत होता.
मी खुर्ची ओढून बसले,
कूलरच्या वाऱ्यात.