चटईखाली

उजाडायच्या आधी आम्ही फुआतिनोच्या अंगणात जाऊन बसलो.
सामोआत जुन्या घरांना भिंती नसतात,
नुसते खांब, आणि खांबांमधून
आतल्यांची झोप दिसते.
त्या रात्री आत कुणी झोपलं नव्हतं.

आम्ही सत्तावीस जण. सरपणाच्या मोळ्या,
भट्टीचे काळे दगड, सगळं आम्हीच वाहून आणलेलं:
हवं तर भाजा आम्हाला,
एवढाच त्याचा अर्थ.
सगळ्यांच्या पुढे माझा मामा, आसिआता,
डोक्यावरून चटई घेऊन ओणवा.
केवड्याच्या जातीच्या पात्यांची, लुगड्यासारखी मऊ,
काठाला तांबडी पिसं.

गाडी मी चालवत होतो.
फलानिको नऊ वर्षांचा. हातात पाव होता, अर्धा खाल्लेला.

आदल्या रात्री आई म्हणाली, मी बसते.
मी म्हणालो, गुन्हा माझा, मी बसतो.
मामा चटई झटकत राहिला, मग म्हणाला,
"तुला पाहिलं की त्यांना गाडीच दिसेल.
आणि ही एकाच्याच मापाची आहे."

आमच्या खापरपणजोबांच्या काळी
घराघराचा देव वेगळा होता म्हणे.
कुणाचं घुबड, कुणाची वाम, कुणाची माकूळ.
एका घराचा देव दुसरं घर भाजून खायचं
आणि ढेकर द्यायचं.
तेव्हा माफी मागायची तर कुणाच्या देवापुढे?
आता देव एक.
म्हणजे पळून जायला दुसरं दार नाही, हेही आलंच.

ऊन चढलं.
फुआतिनोचा थोरला दीर बाहेर आला, हातात कोयता.
चटईभोवती फिरला. एकदा. पुन्हा एकदा.
पिसं हलत होती; वारा नव्हता.
मामा थरथरतोय हे मला तेव्हा कळलं.
तोवर वाटत होतं,
जो पुढे बसतो त्याला भीती वाटत नसते.

कोयता खाली राहिला.
पण चटई उचलली ती फुआतिनोने.
दोन्ही हातांनी, झोपलेल्या पोराचं पांघरूण काढावं तशी.
म्हणाली, "घामाने भिजलात. आत या."
माझ्याकडे पाहिलं नाही.
अजून पाहत नाही. तो तिचा हक्क आहे.

नंतर कितीतरी दिवस मी मामाला देव मानत होतो.
त्याच्या ताटातलं उरलेलं खायचो,
तो उठला की उठायचो.
एका रविवारी देवळातून परतताना
त्याने माझी मानच धरली.
"पुरे. मी एक सकाळ बसलो, तेही घाबरत.
माझ्या हातून काय काय झालंय, तुला ठाऊक नाही.
मी स्वतः कुणाच्या तरी पाठीमागे बसून आहे,
त्या पाठीला मोळ्या मोजता येत नाहीत."

आणि मग रस्त्यातच थांबून,
चपलेतला खडा काढत,
"आणखी एक गोष्ट. मी आपल्या बाजूचा होतो रे.
अपराध्यांतलाच एक, अपराध्यांसाठी.
तो मात्र त्या घरातला.
ज्याचं पोर गेलं, त्याच घरातून उठून
अंगण ओलांडून आला,
आमच्यातलाच एक झाला
आणि आमच्या चटईखाली शिरला.
कोयता घेऊन आम्हीच बाहेर होतो."

खडा फेकला. चालायला लागला.

मी गाडी अजून चालवतो, हळू.
त्या वळणावर इंजिन बंद करून थांबतो.
कुणाकुणाला हाका मारायच्या, हा प्रश्न आता येत नाही.
एकच नाव घेतो,
आणि नाकात कसा कोण जाणे
उन्हात तापलेल्या त्या पात्यांचा वास येतो,
घामाचा,
आणि चटई उचलल्यावर
अचानक आत आलेल्या हवेचा.