वटाव

खंडेराव मार्केटच्या मागे, शुक्रवारी,
हसमुखभाई जुनी बिजागरं मांडतो,
पंख्याची पाती, किल्ल्यांवाचून कुलुपं,
आणि बिस्किटांच्या डब्यात नाणी, वजनावर.
"बेन, आ तो पित्तळ छे," तो म्हणाला.
पित्तळ नव्हतं. मी तीस रुपये दिले.
एकतीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली;
धातू आधी बोटांना कळतो,
डोळ्यांना मागाहून.

सहा आठवडे ते बशीत पडून होतं,
इन्व्हर्टरसाठी आणलेल्या पाण्यात.
रोज सकाळी पाणी बदलायचं,
चहा उकळेस्तोवर भिंगाखाली धरायचं.
आधी एक कान वर आला.
मग मान, जाड, तालमीतली.
मग ग्रीक अक्षरं, चार,
आणि त्यांच्यापुढे
घासून गेलेलं एक गाव.

रोमचा बादशहा हा, पण नाणं रोमचं नव्हे.
परगण्याचं. तिकडे पूर्वेला
गावोगावच्या टांकसाळीत
गावापुरतं पाडलेलं.
एका अंगाला त्याचं तोंड, कारण ते भागच होतं;
दुसऱ्या अंगाला आपली नदी:
दाढीवाला म्हातारा, घागर कलंडून लवंडलेला.
(त्यांच्या नद्या बाप्ये असतात.
आमची विश्वामित्री नाव ऋषीचं लावते
आणि मगरी पाळते.)
कोरणाऱ्यानं बादशहा कधी पाहिला नसावा.
नाक बहुतेक मेहुण्याचं.

वडील त्यांच्या आजोबांचं सांगायचे:
बाबाशाही रुपया बडोद्यात रुपया,
हद्द ओलांडली की वटाव.
माझ्या मराठीलाही लागतो.
पुण्यात मी "फावेल मला" म्हटलं
की नणंद नुसती नवऱ्याकडे बघते.
खोटं नाही म्हणत ती,
कस कमी म्हणते.

कुठून आलं इथे?
भडोचच्या बंदरात उतरलं, गलबतातून,
असं म्हणायला मला फार आवडेल.
पण गेल्या शतकात कुणा बोटीवरच्या फिटरच्या ट्रंकेतून,
सुट्ट्या स्क्रूंच्या सोबतीनं,
हे जास्त खरं.

गालावर एक खोलगट चौकोन होता.
खराबा समजून मी तो सोडून दिलेला.
रविवारी गच्चीत, उन्हात तिरकं धरलं,
तर शिक्का.
मागाहून मारलेला, नाणं झिजल्यावर,
चालवायचं की नाही यावर वाद झाल्यावर.
कुणीतरी, गजाआड बसलेल्या कुणीतरी,
उलटं केलं, सुलटं केलं,
आणि ठोकला, थेट बादशहाच्या गालावर, बिनदिक्कत.
पुस्तकात त्याचा अर्थ दीड पान दिलाय.
मी एका शब्दात सांगते: फावेल.
दुपारचे तीन वाजले असणार.
रांग दारापर्यंत.
अंगठ्याच्या मुळाशी ती कळ, मला माहीत आहे.

अहमदाबादचे दोशी,
ज्यांच्याकडे मखमलीचे ट्रे आहेत,
म्हणाले, "भोक आहे. किंमत गेली.
पण दुर्मिळ हं, अतिशय दुर्मिळ."
परतीच्या बसमध्ये मी हाच हिशेब करत होते.
सोनं लोकांनी पुरलं,
म्हणून ते अजून निघतं, घडेच्या घडे.
हे खर्च झालं. कांद्याला, होडीवाल्याला,
न्हाव्याला, तेलाला.
इतकं वापरलं की उरलंच नाही,
त्याला आता दुर्मिळ म्हणायचं.
आणि हे एक उरलं ते भोकामुळे:
कुणाच्या तरी मुलाला दृष्ट लागत होती,
आईनं दोरा ओवला,
आणि नाणं बाजारातून
कायमचं रजेवर गेलं.

पाकिटावर नोंद केली, बॉलपेननं,
बँकेतल्या अक्षरात:
धातू तांब्याचा. वजन आठ ग्रॅम ऐंशी.
गाव वाचता येत नाही.
बादशहा बहुधा.
शिक्का एक, भोक एक.
खरेदी तीस रुपये.
विक्रीचा रकाना आखलाय, सवयीनं.